शिल्लक लहरींचा भाडेपट्टा आणि शाळांचे इंटरनेट : २०१५ च्या वायमॅक्स दाव्याचा प्रकरण अभ्यास

५ नोव्हेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सुपीरियर न्यायालयाने स्प्रिंट या दूरसंचार कंपनीविरुद्ध तातडीचा अंतरिम आदेश दिला. कंपनी आपले वायमॅक्स या बिनतारी इंटरनेट तंत्रज्ञानाचे जाळे दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ६ नोव्हेंबरला, देशभर बंद करणार होती. मोबाइल बीकन आणि मोबाइल सिटिझन या दोन ना-नफा सेवांचे वापरकर्ते ज्या ठरावीक शहरांत होते तेथे हे जाळे आणखी ९० दिवस चालू ठेवावे आणि त्या मुदतीत वापरकर्त्यांना एलटीई या नव्या जाळ्यावर हलवण्याची व्यवस्था करावी, असा त्या आदेशाचा आशय होता. या दोन सेवांवर शेकडो शाळा, अनेक सार्वजनिक ग्रंथालये आणि त्यांहून कितीतरी अधिक सेवाभावी संस्था अवलंबून होत्या. त्यांच्यामार्फत जोडलेल्या लोकांची संख्या तीन लाखांच्या घरात असल्याचे तेव्हा सांगितले गेले.

वरवर पाहता हा पुरवठादार आणि ग्राहक यांच्यातला नेहमीचा वाद वाटेल. तसा तो नव्हता. ज्या रेडिओ लहरींवर स्प्रिंटचे हे जाळे उभे होते त्यांपैकी काही लहरींचा सरकारी परवाना या ग्राहक संस्थांच्या मागे असलेल्या शैक्षणिक संस्थांच्याच नावावर होता, आणि स्प्रिंट तेथे भाडेकरी होती. मालक म्हणवणारा पक्ष स्वतःच्याच जागेतल्या सेवेसाठी न्यायालयात का गेला, आणि भाडेपट्ट्याचे सरकारी नियम तपशीलवार असूनही त्यांचा आधार त्याला का पुरला नाही, हे या प्रकरणातून पाहण्यासारखे आहे.

लहरी शाळांकडे कशा आल्या

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसी या दूरसंचार नियामक आयोगाने, १९६३ साली २५०० ते २६९० मेगाहर्ट्झ हा पट्टा ‘इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन फिक्स्ड सर्व्हिस’ या नावाने शिक्षणासाठी राखून ठेवला. प्रत्येकी ६ मेगाहर्ट्झच्या ३१ वाहिन्या त्यात बसत होत्या. विद्यापीठाच्या किंवा शिक्षण मंडळाच्या स्टुडिओतून धडा प्रक्षेपित करायचा आणि आसपासच्या शाळांनी छपरावरच्या अँटेनाने तो पकडून वर्गातल्या दूरचित्रवाणी संचावर दाखवायचा, अशी ती योजना होती. ती काही ठिकाणी उत्तम चालली. परंतु प्रक्षेपणाची यंत्रणा उभारणे आणि वर्षानुवर्षे सांभाळणे बहुतेक शाळांच्या आवाक्याबाहेरचे होते. शिवाय चार वाहिन्यांचा परवाना असलेल्या संस्थेला दिवसाचे चोवीस तास दाखवण्याइतके धडे कुठून आणायचे, हा प्रश्न होताच.

त्यामुळे १९८३ साली आयोगाने दोन गोष्टी केल्या. आठ वाहिन्या शिक्षणाकडून काढून व्यापारी सेवेला दिल्या, आणि ज्या शिक्षणाकडे उरल्या त्यांच्यावरची वापरात नसलेली क्षमता व्यापारी कंपन्यांना भाड्याने देण्याची मुभा परवानाधारकांना दिली. शिल्लक लहरींचा भाडेपट्टा असा सुरू झाला. त्या काळातले भाडेकरी ‘वायरलेस केबल’ कंपन्या होते; तारेविना केबलसारख्या वाहिन्या घरोघर पोचवण्याचा त्यांचा धंदा होता. खऱ्या केबलशी आणि पुढे उपग्रह वाहिन्यांशी त्यांना टक्कर देता आली नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांतल्या हार्टलँड वायरलेस आणि सीएआय वायरलेस या मोठ्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, तर १९९९ मध्ये इतर काही कंपन्या स्प्रिंटने आणि वर्ल्डकॉमने विकत घेतल्या. भाडेकरू बुडाला तरी परवाना शाळेकडेच राहिला, ही या व्यवस्थेतली पहिली खरी कसोटी होती, आणि तीत ती उत्तीर्ण झाली, असे म्हणावे लागेल.

यानंतर पट्ट्याचे रूपच पालटले. १९९८ च्या आदेशाने एकतर्फी दूरचित्रवाणीऐवजी दुतर्फा डिजिटल वापराला परवानगी मिळाली. २००४ मध्ये सेवेचे नाव बदलून ‘एज्युकेशनल ब्रॉडबँड सर्व्हिस’ असे झाले, पट्टा २४९६ ते २६९० मेगाहर्ट्झ असा नव्याने आखला गेला आणि मोबाइल इंटरनेटला सोयीच्या ५.५ मेगाहर्ट्झच्या वाहिन्या पाडल्या गेल्या. ३ गिगाहर्ट्झच्या खाली सलग मिळणारा एवढा मोठा पट्टा अमेरिकेत दुसरा नाही. आपल्याकडेही याच पट्ट्याने मोठा वाद घातला आहे : इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स आणि देवास ही खासगी कंपनी यांच्यात जानेवारी २००५ मध्ये झालेला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्र सरकारने रद्द ठरवलेला करार उपग्रहावरील याच पट्ट्याच्या, म्हणजे एस-बँडच्या, क्षमतेच्या भाड्याचा होता. सार्वजनिक हेतूने राखलेल्या लहरींची बाजारातली किंमत वाढली की मूळ हेतूवर ताण येतो, एवढे साम्य दोन्हींत आहे. बाकी ती गोष्ट अगदी वेगळी आहे.

भाडेपट्ट्याचे नियम

ज्या नियमांच्या चौकटीत पुढचा वाद घडला ते २००४ आणि २००६ च्या आदेशांनी ठरलेले होते. परवाना फक्त मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था, शासकीय शिक्षण यंत्रणा किंवा शैक्षणिक हेतूची ना-नफा संस्था यांनाच मिळे, आणि तो व्यापारी कंपनीला विकता येत नसे. भाड्याने मात्र देता येई. परवान्याचे क्षेत्र साधारणपणे ३५ मैल त्रिज्येचे वर्तुळ असे, आणि शेजारच्या परवान्याशी ते जेथे एकमेकांवर येई तेथे सामाईक भाग मधोमध वाटला जाई. डिजिटल वापर करणाऱ्या परवानाधारकाने आपल्या क्षमतेचा किमान ५ टक्के भाग शिक्षणासाठी राखून ठेवायचा आणि तो कोणत्याही परिस्थितीत भाड्याने द्यायचा नाही, अशी अट होती. त्याशिवाय उरलेली क्षमता भाड्याने देण्यापूर्वी प्रत्येक वाहिनीमागे आठवड्याला किमान २० तास शैक्षणिक वापर होत असला पाहिजे, अशी दुसरी अट होती.

भाडेपट्ट्याची कमाल मुदत २००६ च्या आदेशाने ३० वर्षे ठरली. एवढी लांब मुदत देताना आयोगाने एक खबरदारी घेतली. १५ वर्षे किंवा त्याहून अधिक मुदतीच्या करारात असे कलम असलेच पाहिजे की, पंधराव्या वर्षी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी परवानाधारकाला आपल्या शैक्षणिक गरजांचा, बदललेल्या तंत्रज्ञानासह, फेरविचार करता येईल आणि करारात ठरल्याप्रमाणे वाढीव सेवा, क्षमता किंवा सामग्री मागता येईल. करार संपुष्टात आला तर शैक्षणिक कामासाठी वापरलेली यंत्रसामग्री, किंवा तशाच तोडीची दुसरी, विकत वा भाड्याने घेण्याची संधीही परवानाधारकाला मिळाली पाहिजे, असेही बंधन होते.

या नियमांमागचा विचार प्रामाणिक होता, असे माझे मत आहे. परवाना शिक्षणाच्या नावावर ठेवायचा, भाडे शिक्षणाला मिळू द्यायचे, आणि व्यापारी जाळ्यातला एक वाटा वर्गखोलीसाठी मोकळा ठेवायचा, ही तिहेरी रचना होती. पण यातली प्रत्येक अट कशाचे मोजमाप करते, तेही पाहिले पाहिजे. एक अट टक्के मोजते, दुसरी तास मोजते, तिसरी वर्षे मोजते. शाळेत प्रत्यक्ष पोचणारी सेवा अखंड आहे का, किती वेगाची आहे, आणि जाळे बदलताना वापरकर्त्यांचे काय होईल, हे मोजणारी अट यांत नव्हती.

२००६ चा करार आणि त्यातले पक्ष

क्रेग मॅकॉ यांनी २००३ मध्ये स्थापन केलेली क्लिअरवायर ही कंपनी या पट्ट्यावर वायमॅक्स तंत्रज्ञानाचे देशव्यापी जाळे उभारू पाहत होती. त्यासाठी तिला शहरोशहरीचे शैक्षणिक परवाने भाड्याने हवे होते. जुलै २००६ मध्ये तिने काही ना-नफा परवानाधारकांच्या गटाशी एक मुख्य करार केला. या गटात ऱ्होड आयलंड राज्यातील नॉर्थ अमेरिकन कॅथलिक एज्युकेशनल प्रोग्रामिंग फाउंडेशन ही संस्था होती, जिच्याकडे देशभरात पन्नासहून अधिक परवाने होते. शिकागो, डेन्व्हर, पोर्टलंड, ट्विन सिटीज अशा शहरांच्या नावाने काम करणाऱ्या इतर संस्थाही होत्या; त्या पुढे व्होकल या नावाने एकत्र ओळखल्या जाऊ लागल्या. पहिल्या संस्थेने मोबाइल बीकन आणि दुसऱ्या गटाने मोबाइल सिटिझन या सेवा सुरू केल्या.

या दोघांनी केलेली गोष्ट इतर अनेक परवानाधारकांनी केली नव्हती. बहुसंख्य शाळा आणि महाविद्यालयांनी भाड्याची रक्कम घेतली, ती आपल्या अंदाजपत्रकात जमा केली आणि राखीव ५ टक्क्यांच्या बदल्यात काही जोडण्या स्वीकारल्या. या दोन संस्थांनी मात्र करारातून मिळणाऱ्या इंटरनेट जोडण्यांनाच आपल्या कामाचा मुख्य आधार बनवले आणि त्या शाळा, ग्रंथालये व सेवाभावी संस्थांना महिना १० डॉलर इतक्या अल्प दरात, वापरावर मर्यादा न घालता, पुरवल्या. घरी इंटरनेट नसलेल्या मुलाला शाळेकडून किंवा ग्रंथालयाकडून हॉटस्पॉट उपकरण घरी नेता यावे, हा त्यामागचा सर्वांत उपयुक्त वापर होता. मर्यादा नसणे येथे चैनीचे नव्हते. ऑनलाइन तास, चित्रफिती आणि परीक्षेचा सराव यांत ठरावीक गिगाबाइट महिन्याच्या मध्यालाच संपतात, आणि पुढचे पंधरा दिवस ते उपकरण घरात नुसते पडून राहते.

वाद कसा पेटला

२००८ मध्ये स्प्रिंट नेक्स्टेल आणि क्लिअरवायर यांनी आपापले या पट्ट्यावरील हक्क एकत्र केले आणि जुलै २०१३ मध्ये स्प्रिंटने क्लिअरवायर पूर्णपणे ताब्यात घेतली. तोवर जगभर एलटीईची सरशी झाली होती आणि वायमॅक्स मागे पडले होते. वायमॅक्सने अडवलेल्या लहरी एलटीईसाठी मोकळ्या करणे स्प्रिंटच्या दृष्टीने व्यवहार्यच होते, आणि जाळे २०१५ च्या अखेरीस बंद होणार असल्याचे कंपनीने आधीच्या वर्षी जाहीरही केले होते. कंपनीची बाजू थोडक्यात अशी होती की, पुरेशी पूर्वसूचना दिली आहे, एलटीईवर येण्याचा पर्याय दिला आहे, आणि तो वेळेत न स्वीकारण्याचा दोष समोरच्या पक्षाचा आहे.

संस्थांचे म्हणणे असे होते की, करारानुसार त्यांना मिळणारी सेवा कंपनीच्या जाळ्यावरील सेवेच्या तोडीची आणि वापरमर्यादेविना असली पाहिजे. एलटीईवर देऊ केलेल्या जोडण्यांमध्ये ठरावीक वापरानंतर वेग कमी करण्याची अट होती, आणि ती मान्य केली तर कराराचा गाभाच हातातून जाईल. शिवाय जुनी उपकरणे नव्या जाळ्यावर चालणारी नव्हती. हजारो ठिकाणची उपकरणे बदलायची तर अटी आधी ठरल्या पाहिजेत आणि बदलीला वेळ मिळाला पाहिजे. अटी ठरल्या नाहीत, तारीख मात्र जवळ येत गेली, आणि २०१५ च्या ऑक्टोबरात संस्था न्यायालयात गेल्या.

न्यायालयाने ९० दिवसांची मुदत दिली. तिचा अर्थ काढताना काळजी घ्यायला हवी. जुने जाळे अनंत काळ चालवावे असे न्यायालयाने म्हटले नाही, आणि स्प्रिंटचा तंत्रज्ञान बदलण्याचा अधिकारही नाकारला नाही. वापरकर्ते तुटू नयेत म्हणून स्थलांतराला अवकाश दिला, एवढेच. तो अवकाश कामी आला : वापरकर्ते एलटीईवर गेले, आणि दोन्ही सेवा त्यानंतरही चालू राहिल्या.

नियम कुठे होते?

या सर्व घडामोडींत आयोगाचे नियम कुठे होते, असा प्रश्न पडतो. वादी ५ टक्क्यांच्या अटीवर जिंकले नाहीत. तसे ते जिंकू शकले असते का, हेही हिशेब करून पाहण्यासारखे आहे. नव्या रचनेत चार वाहिन्यांच्या गटात ५.५ मेगाहर्ट्झच्या तीन आणि ६ मेगाहर्ट्झची एक, अशा मिळून २२.५ मेगाहर्ट्झ लहरी असतात. त्यांचा ५ टक्के वाटा जेमतेम सव्वा मेगाहर्ट्झहून कमी भरतो. दूरचित्रवाणीच्या काळात वाहिनीचा एखादा भाग बाजूला काढून दाखवता येत असे. एलटीईसारख्या जाळ्यात सर्व परवानाधारकांच्या लहरी एकत्र मिसळलेल्या असतात आणि क्षणाक्षणाला वेगवेगळ्या वापरकर्त्यांना वाटल्या जातात. तिथे हा ‘शाळेचा वाटा’ म्हणून काही वेगळे काढून ठेवलेले नसते. म्हणून व्यवहारात ५ टक्क्यांचे रूपांतर जोडण्यांच्या संख्येत झाले. ती संख्या, तिचा वेग आणि तिची मर्यादा नियमात नव्हती, फक्त करारात होती.

पंधराव्या वर्षीच्या फेरविचाराचे कलम तर अगदी या प्रसंगासाठीच लिहिले आहे असे वाटावे. तंत्रज्ञानातील बदल हा शब्दप्रयोगच त्यात आहे. पण २००६ चा करार तंत्रज्ञान बदलले तेव्हा दहाव्या वर्षात होता. मोबाइल तंत्रज्ञानाची एक पिढी साधारण दहा वर्षांत मागे पडते, हे आयोगाला ठाऊक नसण्याचे कारण नव्हते. तरीही पहिला फेरविचार पंधरा वर्षांनी ठेवला गेला, कारण जाळे उभारण्यासाठी पैसा घालणाऱ्या कंपनीला दीर्घ खात्री हवी होती. मला हा या नियमावलीतला सर्वांत मोठा दोष वाटतो. फेरविचाराची वेळ दिनदर्शिकेवर ठरवण्याऐवजी घटनेवर ठरवायला हवी होती : भाडेकरी ज्या दिवशी जाळ्याचे तंत्रज्ञान बदलण्याची सूचना देईल त्या दिवशी फेरविचार सुरू व्हावा, आणि तो पूर्ण होईपर्यंत चालू सेवा बंद करता येऊ नये.

सामग्री विकत घेण्याच्या हक्काचेही तसेच आहे. करार संपल्यावर शाळेला उपकरणे घेता येतील, अशी ती तरतूद आहे. परंतु येथे करार संपलेलाच नव्हता. आणि समजा संपला असता, तरी देशव्यापी जाळ्याच्या मनोऱ्यांविना शाळेच्या हाती आलेले उपकरण काय कामाचे? ती तरतूद शाळेचा स्वतःचा प्रक्षेपक असे तेव्हाच्या काळाची होती, आणि नव्या काळात ती तशीच वाहून आणली गेली.

याच्या उलट उदाहरण मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, अप्पर पेनिन्सुलात आहे. तिथल्या मार्केट या शहरातील नॉर्दर्न मिशिगन युनिव्हर्सिटीने याच पट्ट्यावर स्वतःचे जाळे उभारले, आधी वायमॅक्सवर आणि नंतर एलटीईवर, आणि विरळ वस्तीच्या मोठ्या प्रदेशातील विद्यार्थ्यांना घरपोच इंटरनेट दिले. तिथेही तंत्रज्ञान बदलले, पण ते केव्हा आणि कसे बदलायचे याचा निर्णय विद्यापीठाने घेतला. सर्व शाळांना हे जमणारे नाही, हे मान्य. म्हणूनच भाडेपट्ट्याचे नियम अधिक काटेकोर असण्याची गरज होती.

संस्थांच्या बाजूनेही एक अवघड बाब मांडली पाहिजे. देशभर पन्नासेक परवाने बाळगणारी, पण त्या त्या गावात शाळा नसलेली संस्था ‘शैक्षणिक परवानाधारक’ म्हणून कितपत योग्य, हा प्रश्न अनेक वर्षे विचारला गेला आणि तो रास्त आहे. स्थानिक शिक्षण मंडळाला स्वतःच्या गावाची गरज अधिक कळते. तरीही या प्रकरणात न्यायालयात उभे राहण्याची ऐपत, वकील आणि करारातली नेमकी कलमे याच संस्थांकडे होती. एकट्या शाळेने भाड्याचा धनादेश घेऊन केलेल्या करारावर असा दावा टिकला असता का, याबद्दल मला गंभीर शंका आहे.

२०१९ नंतर

जुलै २०१९ मध्ये एफसीसीने ही सारी व्यवस्थाच मोडीत काढली. परवानाधारक शैक्षणिक असण्याची अट, शैक्षणिक वापराची अट आणि भाडेपट्ट्याच्या मुदतीवरची मर्यादा, तिन्ही रद्द झाल्या. परवाने व्यापारी कंपन्यांना विकण्याची वाटही खुली झाली. आयोगाचे एक कारण वजनदार होते : १९९० च्या दशकाच्या मध्यापासून नवे परवाने देणे थांबलेले असल्यामुळे देशाच्या सुमारे निम्म्या भूभागावर, मुख्यतः मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस, हा पट्टा कोणाच्याच नावावर नव्हता. ही रिकामी क्षेत्रे देताना ग्रामीण भागातील आदिवासी राष्ट्रांना प्राधान्याची मुदत दिली गेली, जी २०२० च्या फेब्रुवारीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालली. शिक्षणसंस्थांनी आपल्यासाठीही तशीच मुदत मागितली होती. ती नाकारण्यात आली. उरलेल्या क्षेत्रांचा लिलाव २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झाला. त्यातून सुमारे ४२ कोटी ८० लाख डॉलर उभे राहिले, आणि ८,०१७ पैकी ७,१५६ परवाने एप्रिल २०२० मध्ये स्प्रिंटला आपल्यात विलीन करून घेतलेल्या टी-मोबाइल कंपनीने मिळवले.

रिकामी क्षेत्रे वापरात आणणे आवश्यक होते, याबद्दल दुमत नसावे. पण त्यासाठी आधीपासून दिलेल्या परवान्यांवरची शैक्षणिक वापराची अट काढण्याची गरज नव्हती. शैक्षणिक वापर नीट मोजला जात नाही, ही आयोगाची तक्रार खरी होती. तिचा उपाय मोजमाप सुधारणे हा होता. राखीव टक्केवारीच्या जागी प्रत्येक परवान्यामागे अमुक जोडण्या, व्यापारी ग्राहकाला मिळणाऱ्या वेगाने आणि जाळे बदलताना विनाखंड, अशी अट घालता आली असती, आणि २०१५ चा दावा तिच्यासाठी तयार मसुदाच होता.

आता मागे उरले आहेत ते जुने करार. ते रद्द झालेले नाहीत. परवानाधारकाने परवाना विकला नसेल तर भाडेपट्टा त्याच्या अटींनुसार चालू आहे. पूर्ण तीस वर्षांसाठी २००६ मध्ये केलेला करार २०३६ पर्यंत पोचतो, आणि त्यातला पंधराव्या वर्षीचा फेरविचार २०२१ मध्ये येऊन गेलेला आहे. पुढचा २०२६ मध्ये येतो. हा फेरविचार करारात लिहिलेला असल्यामुळे नियम गेला तरी तो मागता येतो, फक्त तो नाकारला गेला तर आयोगाकडे जाण्याचा मार्ग उरलेला नाही. ज्या शिक्षण मंडळांकडे असे करार आहेत त्यांनी परवाना विकण्याचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी ते कलम काढून वाचावे, जोडण्यांची संख्या, वेग आणि वापरमर्यादा नव्या तंत्रज्ञानाच्या भाषेत लिहून मागावी, आणि भाडेकरूने जाळे बदलल्यास किमान किती दिवस जुनी सेवा चालू राहील तो आकडा त्यात घालून घ्यावा. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाला तो ९० ठरवावा लागला, कारण करारात तो नव्हता.